सांगायचा आकडा आणि न सांगायचा आकडा

सदाशिव पेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवर पत्त्याच्या शेवटी ४११०३० हा आकडा रंगवलेला असतो. त्याला पिन म्हणतात. त्याच दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून गिऱ्हाईक फोनवर चार किंवा सहा आकडे दाबतं आणि दाबताना हाताचा आडोसा धरतं. त्यालाही पिनच म्हणतात. पहिला पिन श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला आणि १५ ऑगस्ट १९७२पासून तो टपालात रुजू झाला. तो जितक्या लोकांना ठाऊक, तितकं पत्र लवकर पोचतं. दुसरा पिन एकाला जरी कळला तरी खातं रिकामं होऊ शकतं. इंग्रजीत ही दोन वेगळ्या शब्दसमूहांची लघुरूपं आहेत. मराठीत शब्दसमूह आलेच नाहीत, नुसती अक्षरं आली. परिणाम असा की सगळ्यात उघड आकड्याला आणि सगळ्यात गुप्त आकड्याला आपण एकाच नावाने हाक मारतो.

पिनचा हा घोटाळा तसा निरुपद्रवी म्हणता येईल, कारण संदर्भाने माणूस सावरतो. ओटीपीचा घोटाळा निरुपद्रवी नाही. गॅसचा सिलिंडर दारात आला की आणणाऱ्याला फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो, तेव्हा पोच होते. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षात बसल्यावर आकडा सांगितल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही. कुरिअरवाला महागडी वस्तू आकडा घेतल्याशिवाय हातात ठेवत नाही. आणि बँकेचा आकडा येतो तेव्हा त्याखाली, बहुतेकदा इंग्रजीत, लिहिलेलं असतं की हा कुणालाही सांगू नका. चारही आकडे बोलण्यात ‘ओटीपी’ किंवा नुसते ‘कोड’. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही सूचना बँक अगदी मनापासून करते, पण पुण्यातला माणूस ती आठवड्यातून चार वेळा मोडतो, आणि मोडल्यामुळेच त्याला सिलिंडर मिळतो. रोज मोडावी लागणारी सूचना नेमक्या त्या एका दिवशी पाळली जाईल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. बँका, सरकारी खाती आणि ॲपवाल्या कंपन्या मराठी ग्राहकाला जो आकडा पाठवतात, त्याला तो आकडा काय काम करतो त्यावरून मराठी नाव द्यावं. सांगायच्या आणि न सांगायच्या आकड्यांचं नाव कधीही एक असू नये. मराठीला हे बाहेरून शिकावं लागणार नाही. गुप्त निरोप, खुणा, इशारे आणि कुलपं यांतले फरक आपल्या लोकांना फार आधीपासून कळत होते. ते फरक ‘कोड’ या एका शब्दाने पुसून टाकले.

ते फरक एकदा नीट पाहायला हवेत. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्राची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना माहीत असते: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सैन्य. याला संकेत म्हणावं. अक्षर एकही बदललेलं नाही. पूर्ण शब्दाच्या जागी दुसरा पूर्ण शब्द बसवला आहे. संकेताला कोश लागतो. तो छापील असेल किंवा, इथल्यासारखा, लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात असेल. संकेताचं बळ असं की तो गुप्त आहे हेच दिसत नाही; वाटेत पत्र फोडलं तर सावकाराचा तोटा वाचायला मिळतो. त्याची मर्यादा अशी की कोशात नसलेली गोष्ट सांगता येत नाही, आणि एकदा अर्थ फुटला की तो कोश पुन्हा वापरता येत नाही. जुन्या दलालांची नंदभाषा हीसुद्धा संकेतांचीच. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद आहे: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, आणि रुपया म्हणजे भुरका. गिऱ्हाइकासमोर दोन दलाल ‘मुळू भुरके’ म्हणत आणि गिऱ्हाईक नुसतं ऐकत राही.

संकेत गुप्तच असला पाहिजे असंही नाही. तारेच्या काळात शुभेच्छांच्या ठरावीक मजकुरांना क्रमांक दिलेले होते. क्रमांक लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. तिथे संकेत होता तो पैसे वाचवण्यासाठी. बँकेच्या शाखेचा अकरा चिन्हांचा आयएफएससी तसाच: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा चिन्हं शाखेची. पॅनमधलं चौथं अक्षर खातेदार व्यक्ती आहे की कंपनी ते सांगतं आणि व्यक्ती असेल तर पाचवं आडनावाचं आद्याक्षर असतं. या सगळ्यांना लोक कोड म्हणतात आणि म्हणून काहीजण आयएफएससी सांगायलाही घाबरतात. तो सांगितल्याशिवाय पैसे जमाच होणार नाहीत.

इशारा ही आणखी वेगळी गोष्ट. कोंढाणा घेतल्यावर मावळ्यांनी गडावरच्या पागेची खोपटं पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखरीत येतं. आग फक्त एक गोष्ट सांगू शकते, झालं की नाही झालं. गड मिळाला हे कळलं. तानाजी पडला हे आगीतून कळणं शक्यच नव्हतं, त्यासाठी माणूस धावावा लागला. इशाऱ्यात मावेल तेवढंच त्याच्याकडून मागायचं असतं. फोनचा ‘टिंग’ आवाज हा इशारा आहे. पैसे जमा झाल्याचा तो पुरावा नाही. दुकानांत बोलणारी डबडी आली ती याचमुळे, ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक खोटा निघू लागला म्हणून.

तिसरा प्रकार मला सगळ्यात सुंदर वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. करपल्लवी. यात वर्णमालेचे आठ गट आणि हाताच्या आठ मुद्रा असतात: स्वरांसाठी अहि म्हणजे नागाची फणा, क-वर्गासाठी कमळ, च-वर्गासाठी चक्र, ट-वर्गासाठी टंकार, त-वर्गासाठी तरू, आणि असंच प, य, श पर्यंत. मुद्रेचं आद्याक्षर हेच वर्गाचं अक्षर, त्यामुळे पाठांतर सोपं. मुद्रा दाखवून झाली की बोटं मोजायची: वर्गातलं पहिलं अक्षर तर एक बोट, पाचवं तर पाच. मात्रा चुटक्यांनी. ‘पुणे’ सांगायचं तर आधी प-वर्गाची मुद्रा आणि एक बोट, मग उकाराच्या चुटक्या, मग टंकाराची मुद्रा, पाच बोटं आणि एकाराच्या चुटक्या. न कळणाऱ्याला ही गुप्तविद्या वाटते. पण यात लपवलेलं काही नाही. तक्ता ज्याला येतो तो वाचतो. हे अक्षरांकन आहे: अक्षराला ठरलेली जागा देणं. संगणकातलं युनिकोड हेच करतं. देवनागरीला त्यात १२८ घरांची एक पट्टी आहे आणि ‘क’ला सोळाच्या पायावर मोजलेला ०९१५ हा क्रमांक. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात, तेव्हा काही कार्यालयांत ‘फाइल कोडमध्ये आहे’ असं म्हणतात. ती कोडमध्ये नाही. तिचा तक्ता सोबत नाही, इतकंच. हे कळलं तर माणूस फाइल फेकून देत नाही, तो फाँट शोधतो.

मोडीचंही असंच झालं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि अधूनमधून कुणीतरी सांगतं की मोडी ही मराठ्यांची गुप्तलिपी होती. हात न उचलता भरभर लिहिता यावं म्हणून वळवलेली ती रोजच्या कारभाराची लिपी. शाळेत शिकवायचं थांबलं म्हणून ती आज आपल्याला गूढ वाटते. आपल्या अज्ञानाला पूर्वजांचं गुपित समजणं हा त्या कारकुनांवर अन्याय आहे.

याच गोंधळातून आणखी एक मोठा अन्याय होतो. कर्णबधिर लोकांच्या भाषेला आपण सर्रास ‘सांकेतिक भाषा’ म्हणतो, आणि गुन्हेगार आपसांत बोलतात तिलाही ‘सांकेतिक भाषा’. यांतली पहिली ही पूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे, आणि कर्णबधिर आईबापांची मुलं ती घरातच शिकतात. ‘खुणांची भाषा’ हा शब्द तिच्यासाठी वेगळा ठेवायला काहीच हरकत नाही.

आता खरं कूट. कूटात अक्षरंच बदलतात, आणि ती कशी बदलली ते एका किल्लीवर ठरतं. चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची कला आहे, आणि कामसूत्रावरचा टीकाकार यशोधर त्यात मूलदेवीय नावाची एक रीत सांगतो. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावलेल्या आहेत: च आणि ट, त आणि प, ञ आणि ण, न आणि म. जोडीतल्या एकाच्या जागी दुसरं लिहायचं. वाचतानाही तेच करायचं. ‘पानपत’चं होतं ‘तामतप’. ‘पुणे’चं होतं ‘तुञे’. आणि इथेच या रीतीचा दोष उघडा पडतो. मात्रा जागच्या जागी राहिल्या. सुट्या ‘ञ’ला एकार मराठीत कधी येत नाही, त्यामुळे फोडणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं की ‘ञ’ हे दुसऱ्या कुणाचं तरी सोंग आहे. ‘ह’ला जोडी नाही, म्हणून वाक्यांच्या शेवटी येणारं ‘आहे’ जवळजवळ उघडंच राहतं, आणि ‘आहे’ सापडलं की वाक्य कुठे संपतं ते सापडतं. मुलांच्या च-भाषेची तीच गत. ‘घरी’चं ‘चरीघ’ करायचं, म्हणजे पहिलं अक्षर शेवटी ढकलायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. मोठ्यांना ती दोन मिनिटांत कळते, कारण तिला किल्लीच नाही. रीत कळली की सगळं कळलं.

रीत आणि किल्ली वेगळ्या ठेवायच्या, हे तत्त्व १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी लेखनाच्या संदर्भात नेमकं मांडलं: यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी चालावं, किल्ली मात्र पडता कामा नये. आजची बँकिंगमधली कूटपद्धत, एईएस, जगासमोर छापलेली आहे. २००१मध्ये ती प्रमाण म्हणून जाहीर झाली आणि तिच्यावर कुणीही हल्ला करून पाहावा अशी खुली सोय आहे. लपवलेली आहे ती फक्त किल्ली, किमान १२८ द्विमान अंकांची, म्हणजे बिटांची. हे लक्षात घेतलं की ‘आमची पद्धत गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे’ असं सांगणाऱ्या ॲपकडे संशयाने पाहता येतं.

किल्ली हा शब्द मराठीत असता आपण ‘एन्क्रिप्शन की’ का म्हणत बसतो ते मला कळत नाही. किल्ली म्हटलं की आजीलाही पुढचा प्रश्न सुचतो: कुणाकडे आहे? हाच या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या निरोप-सेवांना सांगितलं की कायदेशीर आदेश आल्यास एखादा निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून देता यायला हवं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. यावर मराठीत बोलताना ‘कंपनी सांकेतिक संदेश द्यायला तयार नाही’ असं म्हटलं की वाटतं, कंपनीच्या कपाटात निरोप पडले आहेत आणि ती हट्टाने देत नाही. वस्तुस्थिती अशी की किल्ल्या दोन टोकांच्या फोनमध्ये असतात, मध्ये कंपनीकडे नसतात. नियम हवा की नको यावर मतभेद असू शकतात. पण किल्ली कुणाकडे आहे हे न कळता झालेलं मत मत नव्हे.

कूट आणि किल्लीच्या पलीकडे परवल आहे. परवलीचा शब्द म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला पटवायचं की मी आपला आहे. पासवर्डला हाच शब्द बरीच वर्षं छापला जात होता, मग मागे पडला. तो मागे पडल्याने एक मोलाचं चित्र हरवलं. परवल पहारेकरी विचारतो, आणि तो आपण त्याच्या दरवाजाशी गेल्यावर विचारतो. पहारेकरीच आपल्या घरी येऊन ‘तुमचा परवलीचा शब्द काय हो?’ म्हणू लागला तर तो पहारेकरी नव्हे. बँकेच्या सुरक्षेचं अर्ध्याहून जास्त शिक्षण या एका चित्रात बसतं: फोन आपण लावला की त्यांनी, संकेतस्थळ आपण उघडलं की त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून उघडलं. ब्राउझरमधलं छोटं कुलूपही लोकांनी चुकीचं वाचलं. वाट बंद आहे, मधल्यामध्ये कुणी वाचणार नाही, इतकाच त्या कुलपाचा अर्थ होता. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे असा नव्हता. चोराच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट लाखेने बंद केलं तरी पोचतं चोराकडेच. गुगलने क्रोममधून ते चिन्ह २०२३मध्ये काढलं ते याच गैरसमजामुळे.

ओटीपी यांतला नेमका कोण? पैसे पाठवताना येणारा ओटीपी हा संकेत नाही, कूट नाही, किल्लीही नाही. तो तुमची संमती आहे. अमुक रक्कम अमुक माणसाला द्यायला मी तयार आहे, ही सही. एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी ड्रायव्हरच्या हाती धातूचा गोळा दिला जायचा. दोन स्टेशनांतली यंत्रं एकमेकांशी जोडलेली असत, एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे, आणि गोळा हाती आल्याशिवाय गाडी हलत नसे. गोळा ज्याच्या हातात, त्याला पुढे जायचा अधिकार. ओटीपीही एकदाच वापरायचा अधिकार आहे, आणि गोळ्यासारखाच तो कुणाच्या हातात आहे हे यंत्राला दिसत नाही. सहा अंकी आकड्याच्या दहा लाख शक्यता असतात. संगणकाच्या दृष्टीने हे काहीच नाही. म्हणून तो काही मिनिटांतच बाद होतो आणि थोड्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद होतं. चोराला हे माहीत असतं, म्हणून तो अंदाज करत बसत नाही. तो विचारतो.

आणि विचारताना तो नेमका ‘कोड’ हा शब्द वापरतो. ‘काका, तुमच्या नावावर चुकून व्यवहार झालाय, रद्द करायला एक कोड येईल तो सांगा.’ हे वाक्य चालतं, कारण कोड या शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. चोर जो अर्थ भरेल तो त्यात राहतो. आता हेच वाक्य दुसऱ्या शब्दात म्हणून पाहा: ‘व्यवहार रद्द करायचाय, तुमचा संमतीचा आकडा सांगा.’ वाक्य तोंडातच अडखळतं. रद्द करायला संमती कशाला? ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठायला तेवढं पुरतं. चोर नवे शब्दही उचलतील, हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. ‘पैसे देण्यास संमती’ हे शब्द संदेशात डोळ्यांसमोर असताना तो आकडा मागणं त्याला फार जड जाईल.

सांगायच्या आकड्यांसाठीही शब्द तयार आहेत. सिलिंडर आणि कुरिअरसाठी पोचेचा आकडा. पोच हा शब्द टपालाने, सोसायट्यांच्या चिटणीसांनी, शाळेच्या कारकुनांनी पिढ्यान्पिढ्या वापरला आहे. वस्तू मिळाली की पोच द्यायची असते, हे सगळ्यांना कळतं. रिक्षासाठी प्रवासाचा आकडा किंवा नुसतं ओळखीचा आकडा. ‘पोचेचा आकडा वस्तू हातात आल्यावरच सांगा’ आणि ‘संमतीचा आकडा कुणालाही सांगू नका’ ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देत नाहीत. दोन्ही पाळता येतात.

शब्दावरून कुणाचं काय अडतं, असं वाटणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक आठवावं. ग्राहकाची जबाबदारी कुठे संपते ते त्यात ठरवलं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा नाही. पण त्याने स्वतः गुप्त तपशील सांगितल्यामुळे नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाची आयुष्यभराची पुंजी ‘त्याने आकडा सांगितला का’ या एका प्रश्नावर तोलली जाते. तो आकडा काय आहे हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं का, हा प्रश्न त्याच तराजूत का नको? खातेदारांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावं, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. पावती-पुस्तकाला लागू होणारं तत्त्व, ज्या संदेशावर सगळं नुकसान ठरतं त्या संदेशाला लागू नसावं, याला काही आधार सापडत नाही.

कंपन्यांची खरी अडचण लांबीची आहे, आणि ती खोटी नाही. एसएमएसच्या एका तुकड्यात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, मावतात. इंग्रजी अक्षरं सात बिटांत बसतात म्हणून १६० येतात. देवनागरीला दोन-दोन बाइट लागतात म्हणून फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘किल्ली’ डोळ्याला दोन अक्षरं दिसते, फोन सहा मोजतो. संदेश ७०च्या पुढे गेला की तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येकात घालावी लागते आणि एका तुकड्याची जागा ६७वर येते. दोन तुकडे म्हणजे दुप्पट खर्च. पण हे वाक्य मोजून पाहा: ‘रु.४९०० तुमच्या खात्यातून जातील. संमतीचा आकडा ४८२१०७. सांगू नका.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून चौसष्ट. रक्कम आहे, दिशा आहे, आकड्याचं काम आहे, इशारा आहे, आणि सहा जागा उरतात. बँकेचं नाव पाठवणाऱ्याच्या शीर्षकातून दिसतं. पैसे कुणाला जाणार ते नाव घालायचं तर मात्र दुसरा तुकडा लागेल. माझ्या मते तो घालावाच. ज्या संदेशाने हजारो रुपये हलतात त्यासाठी आणखी एका तुकड्याचा खर्च जास्त नाही.

या संदेशांचे साचे आधी नोंदवावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांपासून साचा मंजूर असल्याशिवाय व्यावसायिक संदेश जात नाही. रक्कम, आकडा अशा बदलत्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडतात. याचा फायदा असा की मजकूर एकदाच सुधारायचा आहे. एक साचा बदलला की त्यापुढचे सगळे संदेश सुधारतात. भाषेची निवड खातं उघडण्याच्या अर्जात विचारता येते. नाव, पत्ता, वारसदार विचारतातच.

मराठी शब्द लोकांना जड वाटतात, हे मी नेहमी ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे. ‘एकवेळ गुप्त कूटसंकेतांक’ असं काही घडवून माथी मारलं तर लोक त्याकडे पाहणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. त्या एका शब्दात गुप्त, कूट आणि संकेत हे तिन्ही आलेत, आणि ओटीपी त्यांतलं एकही नाही. संमती, पोच, किल्ली, कुलूप, परवल, इशारा, खूण हे शब्द कुणा समितीने घडवलेले नाहीत. ते घरात, बाजारात, चावडीवर आहेत. ‘ओटीपी’ हा शब्द हाकलायचीही गरज नाही. ‘संमतीचा ओटीपी’ आणि ‘पोचेचा ओटीपी’ एवढं केलं तरी भागेल. पुढे एसएमएसऐवजी ॲपमध्ये बोट टेकवून व्यवहार मंजूर करायची पद्धत रुळेल, तेव्हाही त्या बटणावर काय लिहायचं हा प्रश्न उरतोच. ‘पुढे जा’ लिहिलं तर पुन्हा तोच घोटाळा. ‘₹४९०० द्या’ लिहिलं तर नाही. क्यूआर चौकटीचंही तसंच: ती १९९४मध्ये जपानी कारखान्यात सुट्या भागांचा माग ठेवायला निघालेली खूण, तिच्यात गुपित काही नाही, आणि यूपीआयमध्ये ती स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, कधीच येत नाहीत. पिन टाकायच्या पडद्यावर ‘पैसे जाणार’ हे दोन शब्द मोठ्या मराठी अक्षरांत असावेत.

शेतमालाच्या बाजारात हा धडा आपण एकदा घेतलेला आहे. हत्ता पद्धतीत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. बोटांची ती भाषा दोघांना चोख कळायची. कळायची नाही ती फक्त शेतकऱ्याला, आणि माल त्याचाच. बोटांच्या खुणा वाईट नव्हत्या. माल ज्याचा त्यालाच व्यवहाराची भाषा कळू न देणं वाईट होतं. म्हणून बाजार समित्यांच्या नियमनात रुमाल काढला आणि उघड लिलाव आणला. इंग्रजी संदेश वाचता न येणाऱ्या खातेदारापुढे आज तसाच रुमाल पसरलेला आहे. कुणी मुद्दाम पसरला असं मी म्हणत नाही. पण पैसा त्याचा आहे.

साचा नोंदवण्याआधी एक परीक्षा घ्यावी, तिला खर्च नाही. पुण्यात पेठोपेठी, उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तिथल्या इंग्रजी न येणाऱ्या दहा जणांना संदेश फोनच्या पडद्यावर दाखवावा, समजावून सांगू नये, आणि तीन गोष्टी विचाराव्यात: पैसे येणार की जाणार, किती, आणि हा आकडा कुणाला सांगायचा. दहापैकी एकाचंही उत्तर चुकलं तर मजकूर बदलावा आणि दुसऱ्या दहा जणांकडे जावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना कुणी थांबलं, विचारात पडलं, तर तेही चुकलेलंच धरावं, कारण चोराचा फोन चालू असताना विचार करायला कुणी वेळ देत नाही.